सहल आणि झोंप

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हां भरली कीं सूचनाफलकाजवळ मुलांची गर्दी जमूं लागते. परीक्षेचें वेळापत्रक लागावयास अजून अवकाश असतो. मुलें वाट पाहात असतात ती सहलीच्या नोटिशीची. यंदा हैदराबादची रामोजी फिल्म सिटी कीं खोपोलीचें इमॅजिका, निघावयाचा दिवस कोणता, वर्गणी किती, आणि खिडकीजवळची जागा कोणास मिळणार, ह्या चार प्रश्नांनीं पंधरा दिवस सारी शाळा गजबजून जाते. पांचवा एक प्रश्न मात्र कोणीं विचारलेला प्रस्तुत लेखकाच्या ऐकिवांत नाहीं. तो असा कीं, ह्या सहलींत आपण झोंपणार केव्हां?

हा प्रश्न अनेकांस हास्यास्पद वाटेल हें मी जाणतों. सहलीस कोणी झोंपण्याकरितां जात नाहीं, असें उत्तर वर्गांतून एकमुखानें येईल. आणि पुष्कळ पालकही तेंच म्हणतील. तथापि हा प्रश्न वेळेवर न विचारल्यानें काय होतें, याचा अनुभव मीं एकदां घेतला आहे. तो सांगण्यापूर्वीं आपल्या सहलींचें स्वरूप काय असतें हें प्रथम पाहूं.

नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांतील मुलांस मोठें मनोरंजन-उद्यान पाहावयाचें म्हणजे दूर जावें लागतें. आजच्या पालकांच्या बालपणीं ज्याचें नांव सर्वतोमुखी होतें, तें मुंबईजवळील गोराईचें एस्सेल वर्ल्ड १९८९ सालीं सुरू झालें व २०२२ सालीं बंद पडलें. खोपोलीजवळील इमॅजिका २०१३ सालीं उघडलें. हैदराबादेची रामोजी फिल्म सिटी १९९६ पासून चालू आहे, आणि त्याच शहराजवळ वंडरला हें उद्यान २०१६ सालीं निघालें. नांदेडहून हैदराबाद रस्त्यानें पावणेतीनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. लातूरहून खोपोली सुमारें चारशे किलोमीटर. वाटेंतील थांबे धरले तर हा दुसरा प्रवास नऊ-दहा तासांचा होतो. आतां शाळेला सुटी शनिवार-रविवारची. मुक्कामाचें भाडें वाचवावयाचें. आणि उद्यानाचें महाग तिकीट तर दिवसभर वसूल व्हावयास हवें. ह्या तिन्ही अटी पुऱ्या करावयाचा एकच सोपा मार्ग दिसतो, तो म्हणजे रात्रीं प्रवास करावयाचा. शुक्रवारीं रात्रीं नऊ वाजतां गाडी सुटते. शनिवारीं सकाळीं एखाद्या मंगल कार्यालयांत अथवा हॉटेलांत तोंडें धुवून मुलें दहा वाजतां उद्यानाच्या दारांत उभीं राहतात. दिवसभर पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, रांगा व पुन्हां पाळणे. संध्याकाळीं दिवे लागले कीं परत गाडींत. आणि रविवारीं उजाडतां उजाडतां शाळेचें फाटक.

ह्या सहलीचा जमाखर्च मांडून पाहूं. सहा ते बारा वर्षांच्या मुलास चोवीस तासांत ९ ते १२ तास व तेरा ते अठरा वर्षांच्या मुलास ८ ते १० तास झोंप हवी, असें अमेरिकेंतील निद्रावैद्यांच्या अकादमीनें २०१६ सालीं सांगितलें आहे. बारा वर्षांच्या मुलास दोन रात्रींत निदान अठरा तास मिळावयास हवे. गाडीच्या आसनावर, मान एकदां ह्या खांद्यावर तर एकदां त्या खांद्यावर टाकून, गतिरोधकागणिक दचकून उठत त्यास एका रात्रींत साडेतीन तासांची तुटक झोंप लागली असें धरलें, तर दोन रात्रींचे सात तास होतात. म्हणजे अकरा तासांचें कर्ज. एवढें कर्ज डोक्यावर घेऊन तें मूल सोमवारीं सकाळीं प्रार्थनेस उभें राहतें. आणि वर्गांत पेंगलें म्हणजे बोलणी खातें.

येथें घरांतील वडील मंडळी हटकून म्हणतील, "आम्ही नाहीं का जागलों? माळेगांवच्या जत्रेंत तीन-तीन रात्रीं डोळ्याला डोळा लागत नसे." हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. लोहा तालुक्यांतील माळेगांवची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते, आणि आपल्या भागांतील मुलांचें खरें मनोरंजन-उद्यान पिढ्यान् पिढ्या तेंच होतें. घोडे व उंट यांचा बाजार, कुस्त्यांचे फड, तमाशाचे तंबू, आकाशपाळणे, मिठाईचीं दुकानें. कशाची म्हणून उणीव नसे. लातूरकरांस महाशिवरात्रीच्या सिद्धेश्वर-रत्नेश्वराच्या यात्रेची तीच आठवण. तेथेंही रात्रीं जागून निघत, हें खरें. पण ती रात्र आणि आजच्या सहलीची रात्र यांत अंतर आहे. बैलगाडीनें जाणारें कुटुंब कडब्यावर वाकळ अंथरून मुलांस निजवी. गाडीची गति अशी कीं तींत झोंप मोडण्याऐवजीं लागावी. यात्रेंत राहुटी असे, अथवा निदान गाडीखालची सावली असे. रात्रीं जागलेलें मूल दुपारीं आईजवळ आडवें होई, व त्यास कोणी उठवीत नसे, कारण घड्याळाकडे पाहून कोणास कोठें जावयाचें नसे. जागरण-गोंधळाची रात्र तर हेतुपुरःसर जागावयाची असते. ती वर्षांतून एखादी येते, घरांतील सर्वांस आधीं ठाऊक असते, आणि दुसरा दिवस विश्रांतीचा धरलेला असतो. जुन्यांनीं जागरण केलें, पण त्याची परतफेडही केली. आपण जागरण तेवढें ठेविलें व परतफेड काढून टाकिली.

आतां सहलींत झोंपेची घडी इतकी विसकटते कां, याचा विचार करूं. आपल्या देहांत एक घड्याळ असतें, ही कविकल्पना नव्हे. पेशींच्या आंत चोवीस तासांचा फेरा कसा चालतो याचा उलगडा केल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग ह्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांस २०१७ सालचें वैद्यकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. ह्या घड्याळास रोज किल्ली मिळते ती मुख्यत्वें उजेडाची. अंधार पडूं लागला म्हणजे मेंदूंतील एका ग्रंथीपासून मेलॅटोनिन नांवाचा द्रव स्रवतो व शरीरास रात्र झाल्याचें कळतें. उद्यानांतील झगझगीत दिव्यांत संध्याकाळ घालवून, पुढें गाडींत मोबाईलच्या पडद्यावर सहलीचीं छायाचित्रें पाहात बसलेल्या मुलाच्या देहास रात्र झाली हें समजावें कसें? त्यांत सुमारें बारा-तेरा वर्षांपासून पुढें हें घड्याळ निसर्गतःच थोडें मागें पडतें; म्हणजे आठवी ते दहावीच्या मुलांस झोंप उशिरां लागते व जागही उशिरां येते. रात्रीं अकरापर्यंत त्यांस झोंप येत नाहीं, आणि पहाटे पांच वाजतां "चला, उतरा, तोंडें धुवा" अशी आरोळी होते. दोहों बाजूंनीं त्यांची रात्र कातरली जाते.

दुसरें कारण परक्या जागेचें. नव्या ठिकाणीं पहिल्या रात्रीं झोंप नीट लागत नाहीं, हा सर्वांचा अनुभव आहे. २०१६ सालीं अमेरिकेंतील ब्राऊन विद्यापीठांतील संशोधकांनीं असें दाखवून दिलें कीं, अपरिचित जागीं पहिल्या रात्रीं मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्याहून कमी गाढ झोंपतो व बाहेरच्या आवाजाकडे कान देऊन राहतो. जणूं घरचीं सारीं माणसें निजलीं असतां एक जण दाराशीं पहारा करीत बसला आहे! आपल्या लातूर जिल्ह्यास हें शास्त्रज्ञांनीं सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीच्या भूकंपानें हजारों माणसें झोंपेंतच गिळलीं. त्यानंतर कित्येक महिने, घर उभें असूनही, लोक अंगणांत व शेतांत पडत, आणि जरा कांहीं वाजलें कीं उठून बसत. झोंपेस नुसतें अंथरूण पुरत नाहीं. मनास निर्धास्तपणा लागतो, हें त्या पिढीस कोणीं शिकवावें? परक्या जागेंतील पहिली रात्र ही अशी पहाऱ्याची रात्र असते. आणि आपली सहल तर सगळी पहिल्याच रात्रीची बनलेली असते, कारण एका जागीं दुसरी रात्र आपण काढीतच नाहीं.

तिसरें कारण आनंदाचें. उद्यां उंच रुळांवरून उलटेंसुलटें होत जाणाऱ्या गाडींत बसावयाचें, ह्या कल्पनेनेंच मुलाचें काळीज धडधडत असतें. हा आनंद वाईट नव्हे. तो नसेल तर सहलीस जावेंच कशाला? परंतु त्या आनंदावर रात्रीं दहा वाजतां ढाब्यावरचा चहा व शीतपेय यांचा मारा होतो. चहा व काळीं शीतपेयें यांतील कॅफीन शरीरांतून अर्धें उतरावयासच सुमारें पांच तास लागतात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

"बरें, दोन रात्रीं झोंप नाहीं झाली, तर बिघडलें काय?" असें कोणी विचारील. पहिली गोष्ट ही कीं, ज्याकरितां सहल काढिली तेंच हातचें जातें. १९२४ सालीं जेंकिन्स व डॅलनबाख ह्या अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांनीं दोन विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. निरर्थक अक्षरांच्या माळा त्यांजकडून पाठ करून घेतल्या, व कांहीं तासांनीं त्या म्हणावयास लाविल्या. मधला काळ जागेपणीं गेला असतां पुष्कळ विसरलें; झोंपेंत गेला असतां त्याहून बरेंच अधिक आठवलें. दिवसा पाहिलेलें मेंदू रात्रीं झोंपेंत नीट रचून ठेवितो, असें पुढच्या संशोधनानेंही दिसून आलें आहे. हजारों रुपये खर्चून मुलास जें दाखविलें तें मनांत मुरावयास जी रात्र हवी, तीच आपण त्याजकडून काढून घेतों. सहलीवरील निबंधांत "खूप मजा आली" ह्या एका वाक्यापुढें मुलांची लेखणी कां सरकत नाहीं, याचें एक कारण मला येथें दिसतें.

दुसरी गोष्ट स्वभावाची. परतीच्या गाडींत जितकीं भांडणें होतात, तितकीं शाळेंत तीन महिन्यांत होत नाहींत. जागेवरून, चादरीवरून, एका चिक्कीच्या तुकड्यावरून जिवलग मित्र एकमेकांशीं बोलेनासे होतात. हा दोष मुलांच्या संस्कारांचा नसतो. न झोंपलेलें मन रागास लवकर येतें.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर, आणि ती सांगण्याकरितांच हा लेख लिहिला आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका सहलीबरोबर मी गेलों होतों. शाळेचें व उद्यानाचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण दोष दोहोंचाही नव्हता. मुलें चव्वेचाळीस होतीं. रात्रभर मी गाडींत जागाच होतों. मुलांस उलट्या होत होत्या, कोणी पाणी मागत होतें. दिवसभर उन्हांत त्यांच्यामागें हिंडलों. संध्याकाळीं गाडीच्या दाराशीं यादी घेऊन मीं हजेरी घेतली. चव्वेचाळीस नांवांपुढें चव्वेचाळीस खुणा झाल्या आणि गाडी सुटली. दहा मिनिटें गेलीं असतील, तों मागच्या आसनावरील एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आमच्यांतला एक जण गाडींत नाहीं." मीं यादी पाहिली, त्याच्या नांवापुढें खूण होती. ती मींच केलेली होती. कोणत्या आवाजास मी "हजर" समजलों, कीं कोणाचाच आवाज न ऐकतां हात नुसता पुढें चालला, हें मला आजही सांगतां येत नाहीं.

गाडी वळविली. अंधार पडला होता. पाण्याच्या घसरगुंड्यांच्या मागें, ओल्या टॉवेलाची उशी करून, सातवींतला तो मुलगा एका बांकावर गाढ झोंपला होता. मीं त्यास हालविलें तेव्हां डोळे न उघडतांच तो म्हणाला, "सर, शाळा आली का?" आपण गाडींतच आहों अशी त्याची समजूत होती. मीं त्यास उचलून आणिलें. त्या रात्रीं कोणास कांहीं झालें नाहीं. पण काय होऊं शकलें असतें याचा विचार ज्यास सुचतो, त्यास पुढें पुष्कळ रात्रीं झोंप येत नाहीं.

परत आल्यावर मी त्याच्या घरीं गेलों व घडलें तें सर्व त्याच्या आईस सांगितलें. ती माउली शेतावरून नुकतीच आली होती. रागावेल, तक्रार करील, असें वाटलें होतें. ती थोडा वेळ उगी राहिली व म्हणाली, "लेकरू नऊला झोंपतंय, सर. तुम्ही त्याला झोंपूं दिलं नाही, मग त्याला जिथं झोंप लागली तिथं ते झोंपलं." ह्या वाक्यांत सारें शास्त्र आलें. १९९७ सालीं ऑस्ट्रेलियांतील डॉसन व रीड ह्या संशोधकांनीं दाखविलें होतें कीं, सतरा तास सलग जागलेल्या माणसाची सावधानता रक्तांत ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकीच उतरते. मद्य प्यालेल्या मनुष्याच्या हातीं चव्वेचाळीस लेंकरांची यादी कोणी देईल काय? त्या संध्याकाळीं मी तशाच अवस्थेंत होतों, आणि पंचांपुढें शपथेवर सांगितलें असतें कीं मी पूर्ण सावध आहें. अनिद्रेचा मोठा धोका हाच कीं, ती ज्यास झाली त्यास ती कळत नाहीं. आणि जें माझें, तेंच गाडीच्या चालकाचें. मुलांबरोबर दिवसभर उद्यानाबाहेर उन्हांत गाडी राखून तोच रात्रीं पुन्हां चक्राशीं बसतो. तो दुपारीं कोठें निजला, हें आपणांपैकीं कितीजण विचारतात?

ह्या विषयास आपल्या भागांत आणखी एक बाजू आहे. अभ्यासाचा 'लातूर पॅटर्न' महाराष्ट्रभर गाजला. नांदेडासही शिकवणी-वर्गांकरितां दूरदूरचीं मुलें येऊन राहतात. त्या परिश्रमांचा मला अभिमान आहे. पण पहाटेची शिकवणी, दिवसाची शाळा व रात्रीची उजळणी ह्यांत मुलांची झोंप आधींच काटली जाते. मुलांस पुरेशी झोंप मिळत नाहीं ही गोष्ट राज्यपालांनीं डिसेंबर २०२३ मध्यें बोलून दाखविली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊच्या आधीं भरवूं नयेत असा निर्णय केला. सरकारास जें पटलें तें आपणांस सहलीपुरतें तरी पटावें. अभ्यासाच्या नांवानें वर्षभर झोंप घ्यावयाची, आणि विश्रांतीच्या नांवानें काढिलेल्या सहलींतही तीच घ्यावयाची, तर मुलांनीं विसावा घ्यावा कोठें?

मुलांची बाजूही न मांडणें अन्यायाचें होईल. रात्रीं सर्व मित्र एका खोलींत असतात, दिवा मालविलेला असतो, आणि हळूं आवाजांत गोष्टी चालतात. तसली रात्र पुन्हां मिळत नाहीं. मीही विद्यार्थी होतों, आणि त्या गप्पांतील मित्र आजही माझे मित्र आहेत. ती रात्र काढून घ्या असें मी म्हणत नाहीं. गाडीच्या आसनावर अंग आखडून काढिलेली रात्र मात्र ती नव्हे. ती रात्र मिळावयासही एक मुक्काम लागतो.

तेव्हां माझी सूचना इतकीच आहे. सहलीचा प्रवास दिवसा करावा. खिडकींतून दिसणारी बालाघाटची रांग व मांजरेचें पात्र हीही सहलच आहे. उद्यान पाहण्याच्या आदल्या रात्रीं मुक्काम करावा, व गप्पांस दहापर्यंत मोकळीक देऊन नंतर दिवे मालवावे. सायंकाळनंतर चहा व शीतपेय देऊं नये. प्रत्येक मुलानें घरची चादर बरोबर घ्यावी; ओळखीच्या वासानें परक्या जागेंतही झोंप लवकर येते, असें मीं लहान मुलांत पाहिलें आहे. शिक्षकांनीं पाळी लावून निजावें, आणि हजेरी दोघांनीं निरनिराळी घ्यावी. चालकाच्या झोंपेची व्यवस्था मुलांच्या जेवणाइतकीच आवश्यक मानावी. परत येण्याचा दिवस असा असावा कीं, त्यापुढची एक रात्र घरच्या अंथरुणावर जाईल. आणि दुसऱ्या दिवशीं पहिल्या तासास चाचणी ठेवूं नये.

ह्यांत खर्च वाढतो, असें पालक म्हणतील, आणि तें खरें आहे. पन्नास मुलांचा एका रात्रीचा मुक्काम फुकट होत नाहीं, व शेतकऱ्याच्या घरीं शेंदोनशें रुपयेही विचार करूनच खर्च होतात. त्यावर माझें उत्तर असें कीं, वर्गणी वाढविण्याऐवजीं अंतर कमी करावें. दूरचें उद्यान तीन वर्षांतून एकदां, पण नीट मुक्काम करून पाहावें. एरव्हीं आपल्या दोन जिल्ह्यांत काय कमी आहे? कंधारचा किल्ला, उदगीर व औशाचे किल्ले, खरोशाचीं लेणीं, सहस्रकुंडाचा धबधबा, माहूरगड; सकाळीं निघून सायंकाळीं परत यावें आणि मुलांनीं रात्रीं आपापल्या घरीं निजावें. पाळण्यांतून उतरल्यावर पोटांत जो गोळा उठतो, तो कंधारच्या तटावरून खंदकाकडे पाहतांनाही उठतो. आणि त्याचें तिकीट परवडतें.

शेवटीं धर्मग्रंथांतील दोन कथांचें स्मरण देतों. पवित्र शास्त्रांत, प्रेषितांच्या कृत्यांत, त्रोवस येथील युतुख नांवाच्या तरुणाची कथा आहे. संत पौलाचें भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलें, माडीवर पुष्कळ दिवे होते, आणि खिडकींत बसलेला युतुख गाढ झोंप लागून तिसऱ्या मजल्यावरून खालीं पडला. ग्रंथकारानें त्या तरुणास दोष दिलेला नाहीं. झोंपेपुढें त्याचा इलाज चालला नाहीं, असेंच सांगितलें आहे. दुसरी कथा एलीया संदेष्ट्याची. थकून, जिवास कंटाळून तो रतामाच्या झुडुपाखालीं निजला असतां देवदूत आला. त्यानें उपदेश केला नाहीं. भाकर व पाणी दिलें, पुन्हां निजूं दिलें, आणि मग पुढच्या लांबच्या वाटेस लाविलें. गीतेच्या सहाव्या अध्यायांतही अति निजणारा व अति जागणारा या दोघांसही योग साधत नाहीं असें म्हटलें आहे. आणि चरकाचार्यांनीं देहाचे जे तीन आधारस्तंभ सांगितले त्यांत आहारानंतर लगेच निद्रेस स्थान दिलें. इतक्या निरनिराळ्या वाटांनीं आलेले थोर लोक जेव्हां एकच गोष्ट सांगतात, तेव्हां ती ऐकावी हें बरें.

तो सातवींतला मुलगा आतां मोठा झाला आहे. मध्यंतरीं भेटला असतां त्यास मीं त्या सहलीची आठवण विचारली. पाळणे त्यास आठवत नव्हते, पाण्याची घसरगुंडीही आठवत नव्हती. "तुम्ही मला उचलून नेलं होतं, तेवढं आठवतंय," असें तो हसत म्हणाला. यंदाच्या सहलीहून परत येणाऱ्या मुलांस ह्याहून अधिक आठवावें, आणि त्यांच्या शिक्षकांस असें कांहीं आठवण्याची पाळी येऊं नये, एवढीच प्रार्थना आहे. नोटीस लागेल तेव्हां पालकांनीं वर्गणीबरोबर तो पांचवा प्रश्नही अवश्य विचारावा.